पोकळी ओढत नाही

संपादकांचा फोन आला तेव्हा मी अंगणातलं तण उपटत होते. "यंदाचा विषय 'पोकळी'," ते म्हणाले. "ताई, तुम्ही तीस वर्षं अमेरिकेत. तुम्हाला पोकळीची काय कमी?" हा टोमणा होता की आमंत्रण, ते कळलं नाही. एकटेपण, पाखरं उडून गेलेलं घर, निवृत्तीनंतरच्या लांबलचक संध्याकाळी, यांवर बाकीचे लिहितील आणि माझ्यापेक्षा बरं लिहितील, एवढं मात्र लगेच कळलं. मी म्हटलं, "माझ्या भाच्याच्या जीपमध्ये एक पोकळी आहे. तिच्यावर लिहू का? सध्या ती गळतेय."

पलीकडे थोडी शांतता. मग प्रश्न आला, "पोकळी गळते?"

गळते. आत हवा शिरली की पोकळी संपली. बाकीच्या टाक्यांतून आतलं बाहेर जातं, हिच्यात बाहेरचं आत येतं, एवढाच फरक.

जानेवारीची रात्र

भाचा मूळचा नाशिकचा. डेट्रॉइटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे 1989 सालची जीप चेरोकी आहे, म्हणजे गाडी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. "नवी का नाही घेतलीस?" असं त्याच्या आईने, माझ्या धाकट्या बहिणीने, व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आई, नव्या गाडीत मला काही उघडता येत नाही."

गेल्या जानेवारीत तो माझ्याकडे जेवायला येत होता. आमच्या घराकडे येणारा रस्ता शेवटच्या दोनशे फुटांत चढाचा आहे. बर्फ वीतभर साचलेला. त्याने ट्रान्स्फर केसचा, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीचा, दांडा मागे ओढून 'फोर-हाय'मध्ये टाकला आणि ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरली. पुढची दोन बघ्यांसारखी उभी.

"मावशी, फावडं घेऊन ये," एवढाच फोन.

फावडं मारता मारता त्याने दोन बारीकसारीक गोष्टी सांगितल्या, त्या पुढे कामाला आल्या. एक, डॅशबोर्डवरचा फोर-व्हील-ड्राइव्हचा दिवा लागत नव्हता. बल्ब गेला असेल म्हणून त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं. दुसरी जास्त गमतीची. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की समोरच्या झडपांतून येणारी हिटरची गरम हवा आपोआप काचेकडे वळायची आणि पाय काढला की परत यायची. त्याला वाटायचं, गाडीला कळतंय काच धुरकटली आहे ते.

दोन दांडे, एक कडं

जुन्या जीपला, म्हणजे महिंद्रांनी 1947 पासून मुंबईत जोडायला घेतलेल्या विलीज जीपसारख्या गाडीला, हा प्रश्न नव्हता. तिचा पुढचा ॲक्सल कायम जोडलेला. टू-व्हीलमध्ये चालवा की फोर-व्हीलमध्ये, पुढची चाकं फिरली की आतले दांडे, डिफरन्शियल, क्राऊन-पिनियन, प्रोपेलर शाफ्ट, सगळी वरात फिरायची. इंजिनाची ताकद तिकडे जात नसली तरी चाकंच तिला फिरवत. पेट्रोल जास्त, आवाज जास्त, झीज जास्त. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या मोडीत निघालेल्या जीपा साध्या लोकांच्या हाती आल्या आणि रोज डांबरी रस्त्यावर धावू लागल्या तेव्हा हे खुपायला लागलं. 1948 मध्ये सिएटलमध्ये आर्थर वॉर्न यांनी त्यावर तोडगा विकायला सुरुवात केली: चाकाच्या मध्यावर हाताने फिरवायची चकती. फिरवली की चाक दांड्याला जोडलं, उलटी फिरवली की सुटलं. आपल्याकडे जीपवाल्यांच्या तोंडी असलेला 'हब लॉक' तो हाच.

हब लॉकची एकच अडचण. ते फिरवायला गाडीतून खाली उतरावं लागतं, आणि फोर-व्हीलची गरज पडते तेव्हा खाली बहुधा चिखल असतो.

1980 च्या दशकात अमेरिकेत जीप शेतावरून निघून उपनगरातल्या गॅरेजमध्ये आली. ऑफिसच्या बुटांत चिखलात उतरायची या गिऱ्हाइकाची तयारी नव्हती. 1984 च्या मॉडेलपासून आलेली चेरोकी ही त्यांचीच गाडी. ती इथून तासाभरावरच्या टोलेडोत बनायची. तिच्यात हबच्या जागी ॲक्सलमध्येच सांधा ठेवला.

हा सांधा नीट समजावून सांगायचा तर मला जमिनीवर पाठीवर झोपावं लागलं. भाच्याने गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी आधारांवर, चढवली होती आणि हातात टॉर्च देऊन म्हणाला, "मावशी, बघून घे, उगाच पुस्तकातून लिहू नकोस."

पुढच्या ॲक्सलचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, मधोमध नसून ड्रायव्हरच्या बाजूला, इथे डावीकडे सरकवलेला आहे. त्यामुळे उजव्या चाकाकडे जाणारा दांडा लांब. हा लांब दांडा एका जागी कापून दोन केलेला आहे. दोन्ही तुकड्यांच्या टोकांना खाचा, आणि त्या खाचांवरून सरकणारं एक दातेरी कडं. कडं एका तुकड्यावर बसलेलं असलं की दांडा तुटलेला. दोन्हींवर आलं की अखंड. कड्याला सरकवायला एक काटा, म्हणजे गॅरेजवाल्यांचा फोर्क.

सांधा सुटलेला असताना आत जे चालतं ते मला फार आवडलं. गाडी टू-व्हीलमध्ये पुढे चालली आहे. डावं चाक आपला दांडा फिरवतं. क्राऊन व्हील स्थिर आहे, म्हणून डिफरन्शियलमधली पिटुकली गिअरं ती गती उलटवून उजव्या आतल्या तुकड्याला देतात. तो तुकडा उलटा फिरतो. त्याच वेळी उजवं चाक बाहेरच्या तुकड्याला सुलटं फिरवतं. एकाच नळीत, समोरासमोर, दोन दांडे उलट दिशांना गरगरतात आणि प्रोपेलर शाफ्ट मात्र निवांत. ती सबंध वरात आता फिरत नाही. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आता याची दुसरी बाजू. दांडा फोर-व्हीलमध्ये टाकला पण कडं सरकलंच नाही, तर इंजिनाची ताकद प्रोपेलर शाफ्टमधून पुढच्या गोळ्यात येते आणि डिफरन्शियल आपल्या स्वभावाप्रमाणे तिला सोप्या वाटेने जाऊ देतं. सोपी वाट म्हणजे तो मोकळा तुकडा. तो नळीत वेड्यासारखा फिरतो आणि डाव्या चाकालाही काही मिळत नाही. जानेवारीच्या रात्री चढावर हेच झालं होतं.

हवा ढकलते

तर हा काटा सरकवतो कोण? चपटा डबा. गॅरेजच्या भाषेत त्याला 'व्हॅक्यूम मोटर' म्हणतात, पण त्यात तार नाही, वीज नाही. मधोमध रबरी पडदा, पडद्याला दांडी, दांडीला काटा. पडद्याच्या दोन्ही अंगांना एकेक नळी. एका दालनातली हवा काढली की पडदा तिकडे सरकतो, दुसऱ्यातली काढली की इकडे.

आपण म्हणतो, व्हॅक्यूमने ओढलं. भाचा इथे मला थांबवतो. "मावशी, पोकळी काही ओढत नाही. ती फक्त अडवायचं सोडते. ढकलते ती बाहेरची हवा." वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आपल्या अंगावर तो सगळीकडून सारखा आहे म्हणून जाणवत नाही. पेट्रोल इंजिन थ्रॉटल बंद ठेवून नुसतं धडधडत असतं तेव्हा ते हवा आत घ्यायला तडफडत असतं आणि त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हवा शिरण्याच्या नळकांड्यात, पाऱ्याच्या 45 ते 50 सेंटिमीटरइतका निर्वात तयार होतो. पूर्ण निर्वात 76 चा. म्हणजे जवळपास दोन तृतीयांश. समजा, पडद्याचा व्यास साडेसात सेंटिमीटर आहे. क्षेत्रफळ 44 चौरस सेंटिमीटर. 50 सेंटिमीटरच्या निर्वाताला त्यावर तीस किलोचा रेटा मिळतो. बशीएवढ्या रबरावर सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून अधिक वजन, तेही फुकट, कारण इंजिन ही पोकळी तसंही तयार करतच असतं.

फुकट असल्यामुळे गाडीवाल्यांनी तिच्यावर बरीच कामं लादली. ब्रेकचा बूस्टर आजही अनेक गाड्यांत याच पोकळीवर चालतो. जुन्या कितीतरी गाड्यांचे वायपर तिच्यावर चालत आणि चढावर मंदावत. कारण सरळ आहे. ॲक्सिलरेटर दाबला, थ्रॉटल उघडला, हवा मोकळेपणाने आत शिरली की निर्वात घसरतो. पूर्ण उघडला तर जवळपास शून्यावर. डोंगर चढताना, गाडी रुतलेली असताना, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. म्हणून या वाटेवर एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप आणि साठवणीची टाकी बसवतात. थोडक्यात, पोकळीचा रांजण.

चेरोकीचा रांजण म्हणजे प्लॅस्टिकचा एक गोळा, पुढच्या बंपरच्या टोकामागे लपवलेला. कोणी पार्किंगमध्ये बंपरला धक्का मारला की पहिला जातो तो. भाच्याचा गोळा तडकलेला होता. हिटरच्या झडपाही त्याच पोकळीवर हलतात. पोकळी कमी पडली की त्या काचेकडे वळतात, ही गाडी बनवणाऱ्यांची शहाणी योजना: दुसरं काही जमलं नाही तरी ड्रायव्हरला समोरचं दिसावं. गाडीला काच धुरकटल्याचं कळत नव्हतं. तिचा दम पुरत नव्हता, आणि भाच्याला ते सहा महिने कौतुकाचं वाटत होतं.

काट्याचा निकाल

गोळा बदलला. हिटर सुधारला. पुढची चाकं तशीच.

मग आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याला बोलावलं. हा आयुष्यभर टूल-रूममध्ये काम केलेला माणूस. बोलतो कमी, पाने सगळे मापाप्रमाणे टांगलेले. त्याने हाताने दाबायचा छोटा व्हॅक्यूम पंप आणला, पिस्तुलासारखा, वर घड्याळासारखी काटा असलेली तबकडी. तो आधी गाडीखाली गेलाच नाही. बॉनेट उघडून मॅनिफोल्डच्या नळीवर तबकडी लावली: एकोणीस इंच. इथे पारा इंचांत मोजतात; आपल्या हिशेबात 48 सेंटिमीटर. इंजिन ठणठणीत. मग खाली सरपटत जाऊन ट्रान्स्फर केसवरचा व्हॅक्यूम स्विच पाहिला. दांडा हलला की हा स्विच पोकळी एका नळीतून काढून दुसरीत सोडतो. त्याला जोडलेला रबरी जोड त्याने दोन बोटांत धरून वाकवला, आणि जोड शिळ्या भाकरीसारखा मोडला.

मिशिगनमध्ये गाडीच्या पोटाखालचं काहीच फार टिकत नाही. हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात. डेट्रॉइट शहराच्या खाली, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. म्हणजे मीठ शहराच्या पोटातून काढायचं आणि शहराच्याच गाड्यांना चारायचं. लोखंड त्याने जातं. रबर आणि प्लॅस्टिक थंडी आणि सायलेन्सरची आच यांच्या मधे सापडून जातं. पस्तीस वर्षं टिकलेल्या नळीला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

जोड बदलला. तरी कडं सरकेना. म्हाताऱ्याने पंप थेट व्हॅक्यूम मोटरला लावला. सोडवायच्या बाजूला तबकडीचा काटा पंधरावर चढला आणि तिथेच थांबला. जोडायच्या बाजूला चढला आणि डोळ्यांदेखत शून्यावर आला. मी लगेच शहाणपणा केला, "पडदा फाटला असेल." त्याने मान हलवली. पडदा एकच आहे. तो फाटला असता तर दोन्ही बाजू गळल्या असत्या. एकच गळते, म्हणजे पडदा शाबूत आहे आणि त्या दालनातून दांडी बाहेर येते तिथलं सील गेलं आहे. पुढे मोटर उघडल्यावर ते सील हातात आलं, कडक आणि एका जागी चिरलेलं.

म्हणजे गाडी गेली कित्येक वर्षं फोर-व्हीलमधून सुटायला तयार होती. जोडायला तेवढी नव्हती. आणि डॅशबोर्डवरचा बल्ब अगदी नवा असल्यासारखा होता. तो दिवाही याच पोकळीच्या स्विचवर लागतो, कडं बसल्याशिवाय लागणारच नव्हता. गाडी खरं सांगत होती.

चार वाटा

इथून पुढे खरी चर्चा. ती गॅरेजच्या दारात, लिंबाच्या सरबताच्या जगाभोवती, दोन शनिवार चालली.

पहिली वाट सरळ: मोटर बदला, नळ्या बदला, गाडी जशी बनली तशी करा. म्हातारा याच्या विरोधात नव्हता, पण त्याच्या स्वतःच्या रँग्लरमध्ये त्याने तसं केलेलं नाही. त्याची वाट सगळ्यांत स्वस्त. मोटर काढून टाकली, काटा हाताने जोडलेल्या बाजूला सरकवला आणि दांडीवर जुबली क्लिप आवळून तिथेच पक्का केला. कडं कायमचं जोडलेलं. हे करण्यात धोका वाटतो तेवढा नाही: ट्रान्स्फर केस टू-व्हीलमध्ये असेपर्यंत पुढच्या चाकांना ताकद जातच नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर ओढाताण होत नाही. फक्त ती जुनी वरात पुन्हा फिरू लागते. प्रोपेलर शाफ्टचा तोल गेलेला असेल, त्याचे क्रॉस झिजलेले असतील तर ताशी साठ मैलांवर स्टिअरिंग सांगतं. तिसरी वाट तुटलेल्या दांड्याच्या जागी अखंड दांडा घालायची. काम मोठं, फळ तेच, पण पक्कं. चेरोकी बनवणाऱ्यांनीही 1992 च्या सुमारास हाच रस्ता धरला आणि सांधा काढून टाकला; रँग्लरमध्ये मात्र तो 1995 पर्यंत राहिला.

चौथी वाट केबलची. व्हॅक्यूम मोटरच्या जागी लोखंडी झाकण, त्यातून आत जाणारी जाड केबल, तिचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ मुठीला. मूठ ओढली, काटा सरकला. अशी तयार किट इथे विकत मिळतात. भाच्याचं मन तिथे अडकलं होतं आणि त्याचं कारण मला आधी कळलं नाही.

कारण होतं 'टू-लो'. त्याच्याकडे एक छोटा ट्रेलर आहे, त्यावर दोन कयाक. माझ्या त्या चढाच्या, सिमेंटच्या रस्त्यावर ट्रेलर उलटा घालताना गाडी मुंगीच्या गतीने सरकायला हवी, म्हणजे लो गिअर हवा. पण मूळच्या रचनेत लो म्हणजे फोर-लोच. आणि फोर-व्हीलमध्ये कोरड्या सिमेंटवर चाकं पूर्ण वळवली की पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा लांबचं वर्तुळ कापावं लागतं, अंतराचा फरक घालवायला जागा नाही, गाडी अडखळते, टायर करकरतात, दांडे पिळले जातात. केबल असेल तर ट्रान्स्फर केस लोमध्ये टाकायची आणि सांधा सुटलेलाच ठेवायचा. लो गिअर, पण फक्त मागच्या चाकांना. कारखान्याने न दिलेला गिअर. मात्र सगळा जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर येतो, म्हणून तो रुतलेली गाडी काढायला वापरायचा नाही. हे म्हाताऱ्याने तीनदा सांगितलं. एरवी तो एकदाही सांगत नाही.

केबल

केबल बसवायला त्यांना पावणेदोन दिवस लागले. झाकणाचे बोल्ट मिठाने गंजलेले. एक तुटला आणि तो ड्रिलने काढण्यात शनिवारची दुपार गेली. झाकण सैल होताच आतून गिअर ऑइल धारेने आलं. त्याचा तो सडक्या अंड्यासारखा गंधकी वास माझ्या साडीच्या, म्हणजे खरं तर जुन्या पंजाबी ड्रेसच्या, ओढणीला चार धुण्यांपर्यंत होता. बारीक क्लिपा काढून काटा सोडवला, नव्या झाकणाच्या दांडीवर चढवला, सीलंट लावून रात्रभर सुकू दिलं.

वेळखाऊ भाग पुढे होता: केबलची वाट ठरवणं. केबलला तीव्र वळण चालत नाही, सायलेन्सरची आच चालत नाही. त्यात ॲक्सल वर-खाली हलतो आणि केबिन हलत नाही, म्हणून मधे सैल घेर ठेवायचा. पण इतका सैल नको की फिरत्या भागात अडकेल. भाच्याने आधी दोरी लावून पाहिली. तीन वाटा रद्द झाल्या. शेवटी फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, भोक पाडून, त्यात रबरी बूच बसवून केबल आत घेतली.

मूठ पहिल्यांदा ओढायला मला दिली. हलली नाही. दात दातासमोर आले होते. भाच्याने गाडी वीतभर ढकलली आणि मुठीत काहीतरी 'खट्' करून बसलं. हातात कळतं ते. पोकळीच्या कामात हा 'खट्' कोणाच्याच हाताला कळत नव्हता. दिव्यावर विश्वास ठेवायचा, आणि दिवाही पोकळीचाच.

पण काहीतरी गेलंही. मूळ योजनेत स्विच ट्रान्स्फर केसवर होता, म्हणून पोकळी आपोआप क्रम पाळायची. आधी ट्रान्स्फर केस जुळणार, प्रोपेलर शाफ्ट फिरायला लागणार, त्यामुळे उलटा फिरणारा तो आतला तुकडा सुलटा होऊन चाकाच्या गतीला येणार, आणि मगच कडं सरकणार. गाडी चालू असताना ड्रायव्हरने नुसता दांडा ओढावा, बाकीचं ती बघून घेईल. आता हा क्रम भाच्याच्या डोक्यात असायला हवा: चालत्या गाडीत आधी दांडा, मग मूठ, सोडवतानाही आधी दांडा, मग मूठ. चुकून मूठ आधी ओढली तर एकमेकांच्या उलट फिरणारे दोन दांडे दातांनी भेटतात. नळ्या काढल्या म्हणजे नुसत्या नळ्या निघाल्या असं मी समजत होते. त्यांच्यासोबत एक शहाणपणही निघालं होतं. आणि ही जीप उद्या त्याच्या मित्राने उसनी नेली तर? भाच्याने मुठीला एक पत्र्याची पट्टी अडकवली आहे, त्यावर क्रम इंग्रजीत लिहिलेला. मराठीत का नाही, असं विचारलं तर म्हणाला, "मला पाठ आहे, मावशी. ज्याला नाही त्याला मराठी येत नाही."

दिवाही मेला, अर्थात. मुठीजवळ छोटा विजेचा स्विच बसवून तो पुन्हा जिवंत करता येतो. अजून केलेला नाही.

हवा शिरली तर

माझे वडील मनमाडला रेल्वेत गार्ड होते. त्यांच्या ब्रेकव्हॅनमध्ये व्हॅक्यूमचा काटा असे आणि गाडी सुटायच्या आधी ते त्याच्याकडे बघत, जसं घड्याळाकडे बघतात तसं. त्या काळचे ब्रेक पोकळीवर चालत. सबंध गाडीच्या पाइपमधली हवा काढलेली असे, आणि ती पोकळी ब्रेक सोडून धरत असे. कोणी साखळी ओढली की पाइपमध्ये हवा शिरे आणि ब्रेक लागत. डबा तुटला, पाइप फाटला, काहीही झालं तरी गाडी थांबणार. पुढे एअर ब्रेक आले आणि तो काटा गेला.

गॅरेजमध्ये बसून मला ते आठवलं, कारण प्रत्येक पोकळीच्या यंत्राला हाच एक प्रश्न विचारायचा असतो: हवा शिरली तर काय होईल? 2004 पासूनच्या फोर्ड एफ-150 पिकअपने रेल्वेसारखं उत्तर दिलं. तिच्या पुढच्या चाकांतल्या हबना पोकळी सुटलेलं धरून ठेवते; ती गेली की स्प्रिंग त्यांना जोडून टाकते. बर्फात अडकायची भीती नाही. पण गळती अर्धवट असेल तर हबही अर्धवट सुटतात आणि दात दातांवर खरखरतात, विशेषतः चढावर, पोकळी कमी पडते तेव्हा. तिथले हौशी लोक नळ्यांना बूच मारून हब कायमचे जोडून टाकतात, आमच्या म्हाताऱ्यासारखे. शेव्हरोलेच्या एस-10 ब्लेझरमध्ये व्हॅक्यूमचा डबा बॅटरीच्या ट्रेखाली होता, बॅटरी पाझरली की ॲसिड थेट त्याच्यावर. ट्रान्स्फर केसवरच्या स्विचचं सील गेलं तर पोकळी तेलच वर चोखून घ्यायची, आणि ते नळ्यांतून हिटरच्या कंट्रोलपर्यंत पोचायचं. तिलाही शेवटी बरेच लोक केबलच लावतात. सुझुकीच्या जिमनीतही पोकळीचे हब आहेत आणि त्यांच्या जागी हाताने फिरवायचे हब विकणारेही आहेत, म्हणजे फिरून 1948. चेरोकीचं उत्तर वेगळंच: तिच्या डब्यात स्प्रिंग नाही, हवा शिरली तर काटा जिथे आहे तिथेच राहतो. भाच्याचा सुटलेल्या बाजूला राहिला.

ऑगस्टच्या एका रविवारी आम्ही हॉली ओक्सला गेलो. जुन्या रेती-खडीच्या खाणींवर उभारलेला हा ऑफ-रोडचा पार्क आहे. टेकड्या खाणवाल्यांनी करून ठेवल्या, आता त्यांवर लोक गाड्या चढवतात. भाच्याने सैल रेतीचा एक चढ निवडला आणि आधी मूठ आत ठेवूनच, म्हणजे सांधा सुटलेला ठेवून, फोर-लोमध्ये गाडी घातली. निम्म्यात मागची चाकं खड्डा करून बसली. मागे घेतली, थांबवली, मूठ ओढली, खट्. दुसऱ्यांदा गाडी कुरकुर न करता वर गेली. पुढच्या टायरांनी उडवलेली रेती माझ्या खिडकीवर आली. वर पोचल्यावर म्हाताऱ्याने मागच्या सीटवरून एवढंच विचारलं, "ऑइल बघितलंस का?" झाकणातून थेंब येत होता. सीलंट पुन्हा लावावं लागलं.

माझं मत कोणी विचारलं नाही, तरी देते. नळ्या आणि सील मिळत असतील तर मी मूळ रचनाच ठेवीन. ती वाईट नव्हती, म्हातारी झाली होती, आणि तिला जेवढं कळत होतं तेवढं माझ्या लक्षात राहणार नाही. भाच्याला ट्रेलर आहे आणि लक्षात राहतं, त्याला केबल बरोबर.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर केबलच्या आधी एक करा. पावसाळ्यापूर्वी सपाट जागी इंजिन चालू असताना दांडा फोर-व्हीलमध्ये टाका, वीतभर पुढे-मागे घ्या, इंजिन बंद करा, मागच्या चाकांना दगड लावा, आणि पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी घोड्यांवर ठेवा. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं तर सांधा बसला आहे. ते जागचं हललं नाही, तर दहा मिनिटं वाया घालवून नळ्यांचे रबरी जोड बोटांनी वाकवून बघा.